विहीणबाईंसाठी फ्रेंच तियां

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगत होतो तेव्हा शेजारच्या परबांनी हसता हसता अंगावर चहा सांडून घेतला, आणि वर मलाच बोलले.

तर आमच्या गार्गीचं लग्न ठरलं. मुलगा निशांत, राहणार भोईवाडा. घराणं मूळचं गिरगावातलं, पाठारे प्रभूंचं. म्हणजे खाण्यात एकदम पोचलेली माणसं. आम्ही लालबागचे मालवणी, आम्हीही काही कमी नाही. पण आमच्याकडे करणारी बायको आणि खाणारा मी, अशी सरळ वाटणी आहे.

बोलणी करायला गेलो तेव्हा विहीणबाई सहज म्हणाल्या, "आमच्याकडे पुरुषांनाही स्वयंपाक येतो हं."

आता माणसाने गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "मीही करतो ना. फ्रेंच."

फ्रेंच का म्हणालो, देवाला ठाऊक. आदल्या दिवशी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता, तेवढंच भांडवल. विहीणबाई खूश. म्हणाल्या, "मग रविवारी जेवायलाच येतो."

येताना टॅक्सीत गार्गी म्हणाली, "बाबा, माझ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येतायत. प्लीज, माझं नाक कापू नका."

पदार्थाचं नाव तियां. म्हणताना थोडी हवा नाकातून सोडायची, की झालं फ्रेंच. वांगी, टोमॅटो आणि झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी पण काकडी नसलेली एक महाग वस्तू, यांच्या चकत्या करायच्या, भांड्यात गोल गोल उभ्या रचायच्या, वर चीज किसायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. रविवारी सकाळी नवंकोरं भांडं काढून मी सगळं रचलं आणि बायकोला दाखवलं.

ती म्हणाली, "छान. रांगोळी झाली. आता भाजी कधी करणार?"

"हीच भाजी."

"पावण्यांका नुसती वांगी? दोन सुंगटां तरी घाला त्यात." माझी बायको चिडली की मालवणीवर येते. सुंगटं म्हणजे कोलंबी.

"फ्रान्समध्ये चालत नाही," मी म्हटलं. जसा काही मी तिथेच वाढलो होतो.

राहता राहिला ओव्हन. तो आमच्याकडे नाही. पण दिवाळीत आपण नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीत देतो की नाही? तसंच भांडं फॉइलने झाकलं आणि चिंचपोकळीच्या एका बेकरीत देऊन आलो. तासाभराने परत गेलो तर पावाला ही गर्दी. फळीवर फॉइल लावलेलं गरम भांडं दिसलं, उचललं आणि घरी आलो.

पाहुणे यायच्या वेळेला फॉइल काढलं. वर काय सुरेख खरपूस रंग आला होता! बायकोने एका कडेला सुरी घातली आणि थांबली.

"अहो, वांगी खंय गेली?"

वांगी नव्हती. टोमॅटोही नव्हते. आत सगळं पिवळसर, घट्ट, वडीसारखं.

"विरघळली," मी म्हटलं. "फ्रेंच पदार्थात भाज्या एकजीव होतात."

"आणि नवा भांडा जुना कसा झाला?"

"भट्टीची आच असते."

खरं सांगतो, मलाच काही कळत नव्हतं. व्हिडिओत असं काही झालं नव्हतं. पण तेवढ्यात बेल वाजली आणि विचार करायचं राहून गेलं.

दारात विहीणबाई आणि व्याहीबुवा. विहीणबाईंनी तिथेच पेढ्यांचा पुडा हातात दिला. म्हणाल्या, "खरं तर आमच्याकडचं खास भानोलं आणणार होते. पण घरचा ओव्हन बंद, म्हणून बेकरीत दिलं, तर आमचं भांडं दुसराच कोणीतरी घेऊन गेला."

मी त्यांची समजूत घातली. "अहो, लोक बघतच नाहीत. दिसलं भांडं की उचललं. काय वेंधळी माणसं असतात एकेक."

पानं वाढली. मी पहिला घास घेतला आणि दाताखाली कोलंबी आली.

मी बायकोकडे डोळे वटारले. माझ्या पाठीमागे घातलीस ना शेवटी? आणि ती माझ्याकडे बघून गोड हसत होती, की शेवटी ऐकलंत माझं. तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना इतकं चुकीचं कधीच ओळखलं नव्हतं.

विहीणबाईंनी एक घास खाल्ला आणि भांड्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हळूच विचारलं, "कसं केलंत हो हे?"

मी सुटलो. चकत्या कशा उभ्या रचायच्या, चीज कोणतं, आच कशी. त्या अगदी मन लावून ऐकत होत्या.

व्याहीबुवा मात्र हरखून गेले. "अहो, हे तर थेट आमचं भानोलं. कोबी, कोलंबी, डाळीचं पीठ. फ्रेंच लोकही हेच खातात तर. साखरपुड्याला आमच्या सगळ्या मंडळींसाठी तुम्ही स्वतः करायचं. शब्द द्या."

गार्गी अभिमानाने माझ्याकडे बघत होती. मी शब्द दिला.

जेवणं झाल्यावर मी ताटं आत नेऊन ठेवत होतो, तर विहीणबाई पानं आवरायला म्हणून मागोमाग आल्या. रिकामं भांडं त्यांनी उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. बुडाला कोरलं होतं, सौ. सुनंदा.

"माझं नाव," त्या म्हणाल्या.

माझ्या पायाखालची लादी सरकली. तरी विचारलं, "मग आमचं तियां?"

"आमच्या फ्रीजमध्ये. बेकरीत तेवढंच भांडं उरलं होतं, तेच आमच्या गळ्यात मारलं. कुणा आजाऱ्याच्या पथ्याचं असेल म्हणून कुणी हात नाही लावला."

"मी आत्ताच बाहेर जाऊन खरं सांगून टाकतो."

"आता कसं सांगता? ऐका."

बाहेर व्याहीबुवा फोनवर होते. "हो रे, मुलीचा बाप स्वतः करणार. काकालाही सांग, मावशीलाही सांग."

विहीणबाईंनी पदर खोचला. "मी कुणाला बोलणार नाही. पण उद्या सकाळी घरी या. शिकवते."

तेव्हापासून रोज सकाळी, त्यांच्या घरची मंडळी बाहेर पडली की, मी भोईवाड्यात त्यांच्या ओट्याशी उभा असतो. कोबी जाड चिरला की बोलणी, कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा राहिला की बोलणी. काल तर, "आईने काही शिकवून पाठवलंच नाही का तुम्हाला?" इथपर्यंत गाडी गेली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

गार्गी अजून माहेरी मजेत लोळतेय. सासुरवास मला सुरू झालाय.