मनकर्णाबाईचं शिकरेट

रिठदच्या बौद्ध वस्तीतली मनकर्णाबाई कापूस वेचत पुढे गेली, की मागे झाडाला बोंडभर कापूस शोधून सापडत नसे. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती नवी नवरी होती. आता तिची लेक गंगू वाशिमच्या कॉलेजात जात होती. जानराव पाटलांच्या वावरात वेचणीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाटलांच्या ओसरीवर तिचा चहाचा कप मात्र वेगळा, कोनाड्यात पालथा घातलेला.

आणीबाणी उठली आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. पाटील स्वतः उभे. मजुरांना निरोप आला : मत कोणाला दिलं ते ओसरीवर येऊन सांगायचं, नाहीतर काम बंद. मनकर्णाबाईला मत द्यायचं होतं वस्तीतून उभ्या राहिलेल्या चंदाबाईला, आणि पंचशील घेतलेल्या जिभेवर खोटं येईना.

"सांगतं काहून माय?" गंगू म्हणाली. "मत सिक्रेट असते."

"शिकरेट म्हंजे?"

"गुपित. आमच्या सरांनं त्याचं मूळ सांगतलं. लॅटिन भाषेतून आला तो शब्द. येगळं काढून ठेवलेलं, असा त्याचा अर्थ."

"येगळं ठेवलेलं," मनकर्णाबाईनं पुन्हा म्हणून पाहिलं. वेगळं ठेवणं म्हणजे काय, हे शिकायला तिला कॉलेजात जायची गरज नव्हती.

मत देऊन ती सरळ ओसरीवर गेली. पाटलांभोवती त्यांची माणसं बसली होती.

"कोनाले देलं वं मत?"

"शिकरेट हाय, पाटील."

"शिगरेट?" पाटील म्हणाले. "बाईमानूस असून शिगरेट वढतं काय तू?" सगळी ओसरी खदखदून हसली.

हसू थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं कोनाड्याकडे बोट केलं.

"तो माहा कप येगळा ठेवेल हाय ना? तुमी त्याले हात लावत नाई. तसंच माहं मत हाय. म्या ते येगळं ठेवलं. त्यालेबी शिवू नका."

पाटलांचा चेहरा उतरला.

"उद्यापासून वावरात पाय ठेवू नको," एवढंच ते म्हणाले.

"नाई ठेवत. मंग हा कप तरी कायले ठेवता?"

तिनं कप उचलला आणि ताठ मानेनं भर रस्त्यातून वस्तीत आणला. काम गेलं होतं, पण इतका अभिमान तिला जन्मात वाटला नव्हता. घरी तिनं तो धुऊन बाकीच्या कपांत मांडला. पुढे त्यातला पाटलांकडचा कोणता, हे तिलाही ओळखता येईना.