नाव नंतर, आधी पान

आहेर मॅडम कुठलंही झाड दिसलं की आधी त्याचं एक पान चुरगळून हुंगायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याही हातात पान ठेवलं. "नाव विचारू नकोस. नाव नंतर, आधी पान."

वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मॅडम गंगापूर रोडवर एकट्या राहायच्या. चांदवडहून बी.एस्सी.ला आलेली मी त्यांच्याकडे भाड्याने राहिले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि हे मी सगळ्यांना सांगते. मॅडम म्हणायच्या, "सांग की! पण अभ्यासही कर."

सोसायटीच्या फाटकाशी एक झुडूप होतं. बारा महिने हिरवंगार, त्या दिवसांत लाल फळांनी लगडलेलं. खालच्या मजल्यावरच्या चिमुरडीने एक फळ तोंडात घातलं. आईने ते काढून टाकलं आणि वर बघून मॅडमना विचारलं. मॅडम गॅलरीतूनच म्हणाल्या, "विषारी असेल हो, लांब ठेवा." झालं. सेक्रेटरी जोशीकाकांनी दुसऱ्याच दिवशी माळी बोलावला.

कुदळीचा आवाज आला तशा मॅडम अनवाणीच खाली धावल्या. पान तोडलं, उन्हात धरलं, चुरगळलं, हुंगलं. चेहराच उतरला.

"थांब रे! जोशी, ही कुंती आहे. पानावरचे बारीक ठिपके बघा, लिंबाच्या कुळातली."

"मॅडम, काल तुम्हीच विषारी म्हणालात!"

"पान न बघता बोलले. चूक माझी."

"तुमचं काल एक, आज एक. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

सगळी सोसायटी गॅलऱ्यांत उभी होती. मॅडम माळी आणि झुडपाच्या मध्ये उभ्या राहिल्या. "फुलं येईपर्यंत ठेवा. घमघमली नाही, तर मी स्वतः उपटेन. फळं बुलबुलांची, हे पोरांना मी समजावते."

मग मॅडम रोज कुंतीला पाणी घालू लागल्या. जोशीकाका जाता-येता चिडवायचे, "काय मॅडम, निकाल कधी?" एका संध्याकाळी झुडूप पांढरंशुभ्र झालं, वास तिसऱ्या मजल्यापर्यंत. काका फाटकाशी खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "राहू द्या हिला."

मॅडम आता मुलीकडे नागपूरला असतात. मी इथेच, त्यांच्या घरात राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. परवा माझे वडील, आमचे दादा, चांदवडहून आले. फाटकाशीच थबकले. "लय लाल हाय गं. विषारी तर नाय?"

मी पान चुरगळून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं. नाव विचारलंच नाही. शेजारच्या झाडापाशी गेले आणि त्याचं एक पान तोडलं.