सावध ग्राहक, पहिला क्रमांक

आमच्या घरात संशय घेण्याचं काम माझ्याकडे आहे.

लोणारच्या शाळेत तीस वर्षं परीक्षेला पोरांच्या बाह्या तपासल्या, त्यातून ही सवय लागली. दूधवाला हसला की मी दूध पुन्हा मोजायला लावतो. कंडक्टरने उरलेले पैसे स्वतःहून परत केले तर नोट उन्हात धरून बघतो. (स्वतःहून? का बरं?) त्यामुळे बँकेच्या नावाने फसवे फोन येऊ लागले, तेव्हा गल्लीला सावध करायची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. म्हणजे मीच घेतली! मोबाइल ठेवायच्या कोनाड्यावर पुठ्ठा टांगला: 'बँक फोनवर आकडे विचारत नाही!' एकदा "सर, फसव्या फोनपासून सावध राहा," असं सांगणारा एक फोन आला. त्यालाही मी चोर म्हणून झापलं.

डोळ्यांत तेल घालायला कारणही होतं. माझी बायको सुमन हिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी जमवलेले पैसे खात्यात होते.

आणि पुढच्याच आठवड्यात एके सकाळी फोन वाजला.

"सर, बँकेतून बोलतोय. तुमचं एटीएम कार्ड आज बंद होणार आहे."

"चोरा!" मी गरजलो. "लाज नाही वाटत? मी ओळखलं तुला!"

पलीकडून टाळ्या! खरंच टाळ्या!

"अभिनंदन सर! ही आमची परीक्षा होती. सकाळपासून शंभर जणांना फोन केले, पकडणारे तुम्ही पहिलेच. सावध ग्राहक पुरस्कार तुम्हाला! शाखेत फोटो लागेल."

तीस वर्षं मी परीक्षा घेतल्या, पण माझी परीक्षा घेऊन पहिला नंबर कुणी दिला नव्हता. तरी मी सावधच! "फोटो कुठे लागणार?"

"दारासमोरच, सर."

"तुम्ही बँकेचेच कशावरून?"

"विचारा काहीही."

"बँकेत जास्त गर्दी कधी असते?"

"सोमवारी, सर."

बरोबर! आता आतला माणूस असल्याशिवाय हे कुणाला माहीत असणार?

"फक्त घाई करा. अकराला यादी बंद होते. तुमच्याच जिल्ह्यातले एक निवृत्त सर दुसऱ्या नंबरवर आहेत."

"मेहकरचे का?"

"तेच, सर!"

मेहकरच्या त्या मास्तराने आदर्श शिक्षकाचा पुरस्कारही माझ्या आधी पटकावला होता. मी कार्डावरचे सोळा आकडे प्रार्थना म्हणावी तसे खणखणीत म्हटले. मागचे तीनही म्हटले.

"आता मेसेजमध्ये सहा आकडे आले असतील. ते प्रमाणपत्रावर छापायचे आहेत."

मेसेजची अक्षरं बारीक, आणि चष्मा सापडेना. "सुमन, यांना आकडे वाचून दे, लवकर!" फोन तिच्या हातात कोंबून मी इस्त्रीचा शर्ट शोधायला आत पळालो. (फोटो!)

पण फोनवरच्या माणसाची विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलणं सुमनला जमत नाही. तिने स्पीकर लावला आणि खुर्ची ओढली.

"कोण बोलून राह्यले?"

"बँकेतून, मॅडम. ते आकडे..."

"सांगतो, सांगतो. गाव कोणतं तुमचं?"

"मुंबई."

"मुंबईत तं नोकरी. गाव कोणतं?"

"नागपूर साइडला."

"साइड कायची? गावाले नाव नाही काय? लग्न झालं?"

"नाही. मॅडम, आकडे..."

"माया भावाची पोरगी हाय, डीएड झालेली. बँकेतलाच पोरगा पायजे तिले. तुमच्या मामाचं गाव कोणतं? आईले द्या बरं फोन. नाही तं सायबाले द्या, नोकरी पक्की हाय का विचारतो."

"मॅडम, वेळ संपतोय!"

"पोरगी द्याची म्हणजे घाई करून कसं चालंन? पह्यले आम्ही घर पाहाले येतो. पत्ता सांगा."

फोन कट!

मी शर्टाची एकच बाही घालून बाहेर धावलो. "काऊन ठेवला? गेला ना माझा पुरस्कार मेहकरले!"

"मी नाही ठेवला, त्यानं ठेवला." सुमनने पुठ्ठ्याकडे बोट केलं. "ज्याले सोताच्या मामाचं गाव सांगता येत नाही, त्याले मी पोरगी नाही देत. अन् तुम्ही त्याले माये गुडघे द्याले निघाले व्हते?"

पुठ्ठ्यावरचं माझंच वळणदार अक्षर मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. तसाच बँकेत पळालो. पाठोपाठ सुमन, दुखरे गुडघे सांभाळत.

पैसे जागच्या जागी होते. कार्ड बंद करून मॅनेजर म्हणाले, "सर, मागच्या आठवड्यात तुम्हाला सावध करायला मीच फोन केला होता. तेव्हा तुम्ही मला..."

"हो, हो," मी घाईने म्हणालो.

दारासमोर माझा फोटो काही लागला नाही. आमच्या कोनाड्यावर पुठ्ठा मात्र अजून आहे. फक्त माझ्या ओळीखाली सुमनने पेनाने एक ओळ वाढवली आहे: 'फोन आल्यास सरांना देऊ नये.'