परीक्षितच्या नावाने एक फेरी

वैजयंतीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांच्या अख्ख्या लक्ष्मीबाई नगरात सर्वमान्य होतं. कोणाची बदली कुठे होणार, हे सरकारी ऑर्डरच्या आधी त्यांच्याकडून कळायचं. त्यात वाईट हेतू अजिबात नसायचा हो. बातमी पोटात राहिली की बाईंना अपचन व्हायचं, एवढंच. अशा या बाईने एक गोष्ट वर्षानुवर्षं पोटात ठेवली, आणि ठेवायला लावली ती त्यांच्या नवऱ्याने.

भालचंद्रराव केंद्र सरकारच्या नोकरीतले, शब्द तोलून मापून वापरणारे. त्यांचा धाकटा भाऊ परीक्षित साताऱ्याहून दिल्लीला आला तो यूपीएससी द्यायला. मुनिरकात खोली घेऊन राहिला, पण दर रविवारी बस पकडून वहिनीच्या हातच्या पुऱ्या खायला हजर. पोरगा हसरा आणि महाखट्याळ. पुऱ्यांवर पेपर असता तर आपण देशात पहिले आलो असतो, असं सांगायचा आणि आणखी चार ओढायचा. मग दुसऱ्यांदा निकाल हुकला आणि त्याचं येणं कमी झालं. आला तरी पानातलं चिवडत बसायचा. अभ्यासाचं टेन्शन, दुसरं काय, असं सगळेच म्हणाले. एका सकाळी मुनिरकाचा घरमालक दारात उभा राहिला आणि नुसतंच, “चलिए साहब,” म्हणाला. परीक्षितने स्वतःचं आयुष्य संपवलं होतं.

भालचंद्ररावांनी साताऱ्याला कळवलं ते हार्ट अटॅक म्हणून. शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते बायकोला म्हणाले आणि तिने मान डोलावली. बाई अधूनमधून स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीआड रडून घ्यायच्या, पण बाहेर चकार शब्द काढला नाही.

रिटायरमेंटनंतर दोघं नोएडात सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मेट्रो नोएडात पोचली त्या हिवाळ्यात बाईंनी पेपरात वाचलं, की मनाच्या आजारात ज्यांची माणसं गेली ते घरचे लोक त्यांच्या नावाने मिळून चालतात, आणि त्यातून जमलेली मदत तसल्याच आजाऱ्यांना देतात. बाई ताडकन उठल्या. परीक्षितच्या नावाने इथे का होऊ नये? त्यांनी पेपर नवऱ्यापुढे धरला. भालचंद्ररावांनी घडी घालून तो बाजूला ठेवला. रुसवेफुगवे झाले, अबोला झाला (म्हणजे बाईंचा, अर्ध्या दिवसाचा). शेवटी ते म्हणाले, वॉक कर, त्याचं नाव दे, मी चालायलाही येतो. पण तो कशाने गेला ते बोलायचं नाही. आता सांगा, लग्न लावायचं आणि नवरा कोण ते सांगायचं नाही, अशातली गत! पण बाईंनी शब्द दिला. निदान पोराचं नाव तरी चार माणसांत घेतलं जाईल, एवढीच त्यांची आस होती.

सोसायटीच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी हरीश. पुण्याचा, आयटीतला, उत्साहाने नुसता फसफसणारा. “काकू, टेन्शन नको, सगळं मी अरेंज करतो,” म्हणाला आणि खरंच केलंही. पण परीक्षित हार्टने गेला हेच त्याच्या कानावर होतं. बिचारा दुसरं काय करणार? करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

रविवारी सकाळी पार्कच्या गेटवर बॅनर झळकत होता. त्यावर हे एवढं थोरलं लाल हृदय, खाली ‘हृदय सांभाळा’ आणि त्याखाली परीक्षितचा फोटो. एका टेबलावर बीपी तपासणारा माणूस बसलेला, शेजारी दुधीच्या रसाचे ग्लास. हरीशने माइक घेतला आणि तरुण पिढीला तळलेलं सोडायला सांगितलं. परीक्षितदादांनी वेळीच जिभेवर ताबा ठेवला असता तर आज ते आपल्यात असते, असंही वर सांगून टाकलं.

वैजयंतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोराच्या सुखाचा तेवढाच एक घास, आणि हे त्याच्यावरच खापर? त्यांनी तोंड उघडलंही. पण शब्द दिलेला. त्यांनी भरल्या डोळ्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

भालचंद्रराव पुढे गेले. हरीशच्या हातातून त्यांनी माइक घेतला.

“माझ्या भावाचं हृदय ठणठणीत होतं,” ते म्हणाले. “पुऱ्यांनीही त्याला काही केलं नाही. त्याचं मन आजारी होतं. तो मला म्हणाला होता, दादा, झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही. मी म्हणालो, परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षेआधीच त्याने जीव दिला. हार्ट अटॅक मी सांगितला. मला लाज वाटत होती.”

परीक्षित नवऱ्याशी असं बोलला होता, हे वैजयंतीबाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं. संताप आला, भयंकर आला. एका छताखाली राहून हा माणूस एकटाच हे उरावर घेऊन फिरत होता? पण शब्द तोलून वापरणाऱ्या नवऱ्याने चारचौघांत ते बोलून टाकलं होतं, आणि त्या संतापातच बाईंना त्यांची दयाही आली. त्या जाऊन शेजारी उभ्या राहिल्या. हरीशचा चेहरा पडला होता; तो स्वतःच बॅनरच्या दोऱ्या सोडायला लागला. काहीजण ‘चलो, देर हो रही है’ करत घरी सटकले. उरलेले चालायला लागले.

पहिल्याच वळणावर शुभदा भालचंद्ररावांच्या शेजारी आली. बी ब्लॉकमधली, बँकेत नोकरी करणारी, एरवी लिफ्टमध्ये नमस्कारापुरती ओळख. ती खाली बघतच बोलत होती. मुलगी बारावीला आहे. झोपत नाही, जेवत नाही, खोलीचं दार लावून बसते. परवा म्हणाली, मी नसले तर तुम्ही सगळे सुटाल.

“बोर्डाची परीक्षा झाली, की डॉक्टरांकडे नेईन म्हणते,” शुभदा म्हणाली.

भालचंद्रराव जागच्या जागी थांबले. मागून येणारे त्यांच्यावर आदळले.

“परीक्षा नंतर,” ते म्हणाले. “तिला आज न्यायचं. आत्ता. मी गाडी काढतो.”

आज रविवार आहे, असं शुभदा पुटपुटली. मोठ्या हॉस्पिटलांना रविवार नसतो, असं म्हणत वैजयंतीबाईंनी तिचा हात धरला. परीक्षितच्या नावाची फेरी अर्धीच टाकून तिघं बी ब्लॉककडे वळले.