क्रूझवरून वर झालेला हात

आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत मोठ्या लिफ्टमधून कुत्र्यांना जायची मुभा होती. घरकाम करणाऱ्या बायकांना नव्हती. त्यांच्यासाठी मागची लिफ्ट, आणि ती होळीपासून बंद. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी मौसी सुजलेला गुडघा धरून आठ मजले चढायची, दाराशी आधी फरशीवर बसायची आणि म्हणायची, "दीदी, दो मिनट." मला लाज वाटायची. लाजेपेक्षा राग जास्त यायचा.

कॉलेजात मी पत्रकं लिहायला शिकले होते. इथेही लिहिली, दारोदार सरकवली. एका काकांनी दार उघडून विचारलं, "बेटा, नौकरी नहीं मिली क्या?" नोकरी होती. पत्रकंही चालू राहिली.

अखेर सभा ठरली. मत फक्त फ्लॅटच्या मालकाला, आणि फ्लॅट आईचा. समोर मोहरीची शेतं होती तेव्हा तिने घेतलेला. मी घरोघरी विचारून पाहिलं होतं, आईचं मत सोडलं तर दोन्ही बाजू सारख्या पडत होत्या. बरोबरी झाली की निकाल अध्यक्षांच्या हाती, आणि मोठ्या लिफ्टमधून सर्वांत जास्त फिरायचा तो अध्यक्षांचाच लॅब्राडॉर.

आई दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या तीन मैत्रिणींबरोबर मुंबईहून क्रूझवर जाणार होती. हे तिने स्वतःच, आनंदाच्या भरात, लिफ्टमध्ये अध्यक्षांना सांगितलं होतं. सभा नेमकी त्याच आठवड्यात आली. हा योगायोग म्हणणाऱ्याने मला भेटावं.

"आई, तुझं मत गेलं की मौसी चढतच राहणार," मी म्हटलं. ती बॅग भरत होती.

"जातंय कशाला? मालक बाहेरगावी असेल तर व्हिडिओवर हात वर करून मत देता येतं. चेहरा दिसला की झालं. अध्यक्षांनीच केलाय ना तो नियम, एक फ्लॅट मुलाच्या नावावर आणि मुलगा कॅनडात म्हणून!" आयुष्य मंत्रालयातल्या फायलींत गेलेली बाई, नियम ती विसरत नाही.

"आणि भर समुद्रात नेटवर्क?"

"जहाजावर वायफाय विकत मिळतं. तू सभेला वेळेवर जा, बस."

सभेच्या सकाळी तिचा मेसेज आला: 'फक्त मेसेजवालं पॅकेज घेतलं होतं. आता व्हिडिओवालं घेतलंय. खोलीत अडकतं, डेकवर जाते.'

क्लबहाउसच्या मोठ्या टीव्हीवर ती अवतरली. मागे निळं पाणी, केस उडतायत, शेजारी मैत्रिणींची तीन डोकी दाटीवाटीने घुसलेली.

"मॅडम, घूमने गए हैं, आराम कीजिए," अध्यक्ष हसले. "सोसायटी हम देख लेंगे."

"आराम ही कर रहे हैं, भाईसाहब. आप प्रस्ताव पढ़िए."

प्रस्ताव वाचला: मोठी लिफ्ट सगळ्यांसाठी खुली. बाजूने हात वर झाले. आईनेही केला, आणि त्याच क्षणी चित्र थिजलं. तोंड अर्धवट उघडं, ओढणी हवेत, हात सरळ वर.

"कनेक्शन गया. वोट कैंसल," अध्यक्ष म्हणाले.

सचिव विरुद्ध बाजूचे. पण मोजायचं काम त्यांचं होतं. ते चाचरत म्हणाले, "सर, हाथ तो ऊपर है."

हॉल फुटला हसून. मी उभी राहिले आणि हिंदीत ठणकावलं की नियमाला चेहरा हवा आणि हात वर हवा. दोन्ही समोर आहेत, आणि इतका वेळ हात वर धरलेला मतदार या सोसायटीने अजून पाहिलेला नाही.

अध्यक्ष टीव्ही बंद करायला रिमोट शोधू लागले. रिमोट पहिल्या रांगेतल्या पंजाबी आजींच्या मांडीवर होता. "पहले गिनती कर लो, पुत्तर," त्या म्हणाल्या आणि त्यावर पर्स ठेवली.

सचिवांनी मोजलं. पुन्हा मोजलं. एका मताने जिंकलो! आई अजून पडद्यावर तशीच, हात वर. माझा फोन थरथरला: 'मोजलं का? इथे जेवण सुरू झालंय.'

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. मौसी दाराशी बसली नाही, सरळ आत आली. "दीदी, अंदर तो पंखा भी है! शीशा भी!"

मी तिला परत लिफ्टमध्ये नेलं, आईला पाठवायला फोटो काढते म्हटलं. सभेची हकीकत मौसीपर्यंत गेटवरच पोचली होती. "रुको," तिने ओढणी सारखी केली, आरशात एकदा बघून घेतलं आणि आईसारखा, तिच्या आंटीजींसारखा, हात सरळ वर केला.

फोटो समुद्रावर गेला. या वेळी काही अडकलं नाही.