रघूच्या रेकॉर्डवरच्या टिकल्या

मुलांनो, डोळे पूर्ण मिटू नका, अर्धेच झाका. दुपारचे जेवण झाले आहे असे समजा. पडवीतल्या झोपाळ्यावर तुम्ही आडवे झाला आहात आणि वर पंखा फिरतो आहे. त्याच्याकडे बघत राहा. हळूहळू पाती दिसेनाशी होतात, एक काळी गोल चकती तेवढी उरते. दिसली? मग चला माझ्याबरोबर. पण आधीच सांगून ठेवते, आज मी रागात आहे.

राग निशीवर आहे. निशी माझा भाचा. त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ रघू, जन्मभर मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत राबला. बाकीचे खलाशी परदेशातून सेंट आणि घड्याळे आणत. हा गाण्याच्या रेकॉर्ड आणायचा, आणि त्याही एकसारख्या दोन-दोन. ही युक्ती न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या पोरांची. गाण्यात मध्येच गाणारे गप्प होतात आणि नुसते ड्रम वाजतात. तो तुकडा नाचायला सगळ्यात छान, पण लगेच संपतो. म्हणून त्या पोरांनी दोन प्लेअरवर एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, आणि तोवर पहिली बोटाने उलटी फिरवून ठेवायची. मग तो तुकडा हवा तितका लांबतो. त्या तालावर पोरे बोलू लागली, आपली भांडणे, आपली भूक, सगळे. त्यालाच जग हिप हॉप म्हणू लागले.

तुकडा कुठे सुरू होतो ते नजरेला कळावे म्हणून रेकॉर्डच्या मधल्या कागदावर खूण चिकटवतात. रघू आपल्या बायकोच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या, पाकिटातली टिकली चिकटवायचा. वहिनी म्हणायची, माझ्या कपाळापेक्षा तुमच्या रेकॉर्डींनाच जास्त लागतात.

वहिनी आधी गेली, मग रघू गेला. वर्षश्राद्ध जवळ आले तसे निशीने सगळ्या रेकॉर्ड ओल्या फडक्याने पुसल्या, टिकल्या नखाने खरवडून केरात टाकल्या, रेकॉर्ड काचेच्या कपाटात लावल्या आणि कुलूप घातले. वर रघूचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. बाबांची आठवण नीट राहायला हवी, असे त्याचे म्हणणे. त्याची मुलगी रेवा आजोबांकडून हेच सगळे शिकत होती. त्या दिवसापासून ती बापाशी एक शब्द बोललेली नाही. ती कपाट उघडेल या भीतीने किल्ली निशीने माझ्याकडे दिली आहे. किल्ली माझ्या पदराला बांधलेली आहे.

तर पंखा फिरतो आहे. झोपाळा एका बाजूने जड होतो. माझ्या पायांशी रघू बसलेला आहे. हाताला तेल, अंगात जहाजावरचा निळा डगला.

"सरक थोडी, बाय," तो म्हणतो.

हार आवडला का, असे मी काहीतरी विचारते.

"चंदन कसलं, सालपं आहेत नुसती. शिंका येतात."

मी त्याला टिकल्यांचे सांगू लागते. रागाने माझा आवाज फाटतो, डोळ्यांत पाणी येते. तो ऐकत नाही. उठून पडवीची पायरी उतरतो. मीही उतरते, तर पायऱ्या संपतच नाहीत. त्या लोखंडी आहेत, गरम आहेत. खाली इंजिनखोली आहे आणि आमच्या परसातली कर्दळ तिथे पाइपांच्या मधून उगवली आहे.

"भिंतीला हात लाव," तो ओरडतो.

धडधड तळव्यातून खांद्यापर्यंत चढते.

"डेट्रॉइटला मोटारींचे कारखाने होते. त्या गावच्या पोरांनी यंत्रांवर असलीच धडधड वाजवली. ना गाणारा, ना तबला. ती रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, बाय, माझं इंजिन कोणीतरी ओळखतं."

माझा हात भिंतीवर आहे, पण भिंत काळी आहे आणि बोटांना खडू लागला आहे. हा मी शिकवायचे तो चौथीचा वर्ग. मी वर्गाच्या बाहेर आहे. फळ्याच्या जागी आता काच आहे. आत मुले बाकांवर बसली आहेत, त्यांची तोंडे उघडतात, मिटतात. आवाज नाही.

"पाढे म्हणतायत का?" मी विचारते.

"कोणास ठाऊक. काच आहे ना मध्ये."

मी दार शोधते. दार नाही. मी त्याला विनवते, कुठली टिकली कुठे होती ते मला सांग, मी एकेक परत चिकटवते.

तेव्हा तो खरा चिडतो. लहानपणी पतंग फाटला की चिडायचा, तसा, कानापर्यंत लाल होऊन.

"मला कोणी सांगितलं होतं? त्या जागा कान लावून शोधल्या मी. रेवा पण शोधेल. टिकल्यांसाठी काय रडतेस? तू आयुष्यभर पोरांना शिकवलंस, ते काय त्यांना पुस्तकाला हात न लावू देता?"

"पण निशीने..."

"निशीचं राहू दे. किल्ली कोणाच्या पदराला आहे?"

तो माझा अंगठा धरतो आणि जोरात दाबतो. दुखते.

मी जागी होते. झोपाळा अजून हलतो आहे. अंगठा ठणकतो आहे आणि त्याच्यावर एक मखमली, लालभडक टिकली चिकटली आहे. आमच्या घरात आता टिकली लावणारे कोणी नाही.

पायरीवर रेवा पाठ करून बसली आहे. मी पदराची गाठ सोडते आणि किल्ली तिच्यापुढे धरते. ती किल्ली घेते. कपाट उघडते, एक जोडी निवडते आणि कडांना धरून एक रेकॉर्ड प्लेअरवर ठेवते.

निशी दारात येतो. "आत्या, तू दिलीस किल्ली?"

"दिली."

माझा चेहरा बघून तो उंबऱ्यावरच थांबतो.

रेवा ऐकते. थांबवते, बोटाने उलटी फिरवते, पुन्हा ऐकते. चुकते. पुन्हा. बराच वेळ असेच चालते. मग एकाएकी गाणारे गप्प होतात, नुसते ड्रम वाजतात, आणि तिचे बोट रेकॉर्डवर घट्ट बसते.

मी अंगठा पुढे करते. ती टिकली सोडवून घेते. पण रेकॉर्ड दोन आणि टिकली एक. ती दोन्हींकडे बघते, मग मान वर करून बापाकडे.

"कात्री," ती म्हणते.

निशी कात्री आणून देतो. रेवा टिकली मधोमध कापते, एक अर्धचंद्र इथे चिकटवते, आणि दुसरीवर तीच जागा शोधायला वाकते.