श्यामरावांच्या रेडिओतली टकटक

रेडिओतली खरखर हा श्यामरावांचा खरा वैरी. अड्याळच्या आमच्या गल्लीत कोणी नवा एलईडी बल्ब लावला की हा माणूस दारात हजर. "काढ तो बल्ब, साऱ्या हवेत घाण करून राहिला!" स्वतः बांधलेला रेडिओ त्यांनी तेलाच्या पिंपाच्या पत्र्यात बसवला होता, तारांवर फेराइटच्या काळ्या कड्या चढवल्या होत्या. का, तर बाहेरचा विजेचा कचरा आत शिरू नये. आणि स्वतःच्या खर्ऱ्याची, त्या तंबाखू-सुपारीची पिचकारी? ती आमच्या भिंतीवर. मला या माणसाची शिसारी येते, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांची सून रिता रोवण्याची गाणी गाते, भात लावताना बाया चिखलात वाकून म्हणतात ती. नागपूरच्या रेडिओ केंद्रावर तिचं एक गाणं रेकॉर्ड झालं. तिच्या मायचं. माय गेली, गाणं तेवढं राहिलं. रविवारी संध्याकाळी ते लागणार होतं, एकदाच.

"मोबाईलवर लावू ना बाबा, रेकॉर्डबी होईल," तिचा नवरा भूपेंद्र म्हणाला.

"मोबाईलवर आयकनं म्हंजे उष्टं खानं! माह्या रेडिओवर आयकाचं."

रविवारी श्यामराव घरोघर फिरले. कूलर बंद, बल्ब बंद, चार्जर उपटा. अंगणात आलेल्यांचे मोबाईलसुद्धा बंद करून स्टीलच्या डब्यात भरले, वर घट्ट झाकण. आम्ही घामाने निथळत बसलो. रिता भिंतीशी, पदराचं टोक मुठीत धरून.

गाणं लागलं. आणि त्यासोबत टक्. टक्. टक्. प्रत्येक ओळीचा मधूनच लचका तुटायचा.

श्यामराव ताडकन उठून शेजारच्या नत्थूवर धावले. "कोनाचं चालू आहे? नत्थू, तुह्याच घरचं असन!"

"माह्या घरी अंधार करून आलो जी!"

"खोटं नोको बोलू!"

झालं, जुंपली दोघांची. गाणं चालू आणि हे एकमेकांची अक्कल काढताहेत. रिताचे ओठ नुसते हलत होते. निवेदिकेने तिचं नाव घेतलं, तेही टकटकीत अर्धं गेलं. 

रिता उठली. सांजच्या भाजीला वांगी तोडायला परसात गेली. तिथे माकडांना हाकलायला सेकंदा-सेकंदाला विजेचा झटका सोडणारी तार लावलेली. तारेआड हात घालायचा म्हणून तिने झटका मशीनचं बटण बंद केलं.

टकटक थांबली. धानाच्या बियाण्याची जाहिरात खणखणीत ऐकू येऊ लागली.

सगळ्यांच्या माना परसाकडे वळल्या. झटका मशीनची अर्थिंगची सळई मोरीजवळच्या ओल्या मातीत गाडलेली होती. श्यामरावांनी रेडिओची अर्थिंग त्याच सळईला बांधली होती. ओली जागा, आयती सळई, दुसरा खड्डा खणायचा कंटाळा. गल्लीभर शोधलेला कचरा त्यांनी स्वतःच्या हाताने रेडिओत आणून सोडला होता. नत्थू हसायला लागला. मला हसूही येईना, इतका वीट आला होता.

रिता ओच्यात वांगी घेऊन दारात उभी राहिली. जाहिरात ऐकली, सासऱ्याकडे पाहिलं.

"मामाजी, वांगे तोडले. मशीन चालू करू का आता?"

श्यामरावांच्या तोंडात खर्रा भरलेला होता. थुंकायला ते पहिल्यांदाच जागा शोधत होते.